ओहोटी विचारून जावं असं गाव : अलिबागबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘अलिबागबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा’ अशी छोटी चौकट होती. पत्रं भरपूर आली. मी इथल्याच तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी कुणी या किनाऱ्याबद्दल विचारलं की अजून हातात खडू यावासा वाटतो. राहण्या-जेवण्याची सोय विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत, ती माहिती द्यायला पुष्कळ जण आहेत. जमीन, पाणी आणि जुना काळ यांबद्दल ज्यांनी विचारलं, त्यांना इथं उत्तरं देते.

प्रश्न : आम्ही डिसेंबरात मुलांना घेऊन आलो. दुपारी बाराला किनाऱ्यावर पोहोचलो तर कुलाबा किल्ल्याला चहूकडून पाणी. मुलं हिरमुसली. पायी जाता येतं म्हणतात, ते नक्की कधी? (एक वाचक, नाशिक)

तुम्ही घड्याळातली वेळ लिहिलीत, तिथी लिहिली नाहीत. अलिबागला यायचं तर आधी कालनिर्णयाकडे बघावं आणि मग घड्याळाकडे.

आमच्याकडचे जुने कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि हा हिशेब पंचेचाळीसच मिनिटं धरतो, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेची भरती प्रत्यक्षात बाराच्या आसपास येते. पण बोटांवर मोजता येणारं इतकं सोपं गणित मी दुसरं पाहिलं नाही. वर्गात शिकवलं की घरी जाऊन आजोबांना विचारून येणारी मुलं असायची. ‘बाई, आजोबा म्हणाले बरोबर आहे,’ हे ऐकून मला फार बरं वाटे.

आता तुमची दुपार. बाराला सगळीकडे पाणी होतं, म्हणजे तुम्ही अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास आला असणार. त्या दिवसांत उधाण असतं. चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, त्यामुळे भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप खोल जाते. म्हणजे त्याच दिवशी सकाळी सहाला किंवा संध्याकाळी सहाला तुम्ही आला असतात, तर किल्ल्याच्या दरवाजापर्यंत वाळू उघडी मिळाली असती. याउलट अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची, पण तेव्हा भांग असतो. भांगाचं पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ओहोटी पुरी झाली तरी मधल्या पट्ट्यात पाणी राहू शकतं.

मग सोयीचा दिवस कोणता? माझ्या मते चतुर्थी, शुद्धातली असो की वद्यातली. भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊ-सव्वानऊला, आणि उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. गणपतीची तिथी चतुर्थी, आणि त्याच तिथीला समुद्र सकाळी नऊ वाजता वाट मोकळी करून देतो. हे पहिल्यांदा ध्यानात आलं त्या दिवशी मी वहीत लिहून ठेवलं होतं.

पण याच चतुर्थीनं मला एकदा चांगलं शिकवलं आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, पौष शुद्ध चतुर्थी. सातवीच्या चोवीस मुली घेऊन मी सकाळी नऊला किल्ल्यात गेले. हिशेबानं साडेअकराला परत निघायला हवं होतं. देवळातून निघालो, मुली बुरुजांवर चढल्या, नकाशे काढू लागल्या आणि मी घड्याळ पाहिलं तेव्हा साडेबारा झाले होते. दरवाजातून बाहेर पाहिलं तर मधली वाळू अजून दिसत होती, म्हणून मी मुलींना रांगेत उभं केलं. तेवढ्यात जाळं खांद्यावर घेतलेला एक म्हातारा कोळी म्हणाला, ‘बाय, समोर नको बघू, बाजूला बघ.’ तेव्हा दिसलं. पाणी समोरून येतच नव्हतं. किल्ल्याला वळसा घालून उत्तरेकडून एक आणि दक्षिणेकडून एक अशा दोन जिभा येत होत्या, आणि आम्ही जिथून चालत जाणार होतो तिथंच त्यांची गाठ पडणार होती. दहा मिनिटांत पडलीही. आम्ही मध्यावर असतो तर पुढेही पाणी आणि मागेही पाणी.

आम्ही रात्री साडेसातनंतर परत आलो. पश्चिमेला चवथीची कोर होती, वाळू ओली चकचकीत होती आणि मुलींनी चपला हातात धरल्या होत्या. किनाऱ्यावर पालक कंदील घेऊन उभे होते. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून सगळ्यांना सांगते : ओहोटी पुरी व्हायच्या दीड तास आधी निघा, आणि पुरी झाल्यावर दोन तासांच्या आत किनाऱ्यावर परत या. हल्ली मुंबई बंदराचे भरतीचे तक्ते सहज मिळतात, तेही पाहा. आणि वाटेत कोळी भेटला तर त्याला विचाराच.

किल्ल्यात गेलात की तटाला हात लावून पाहा. शिवाजी महाराजांनी १६८० साली हे काम हाती घेतलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. प्रचंड दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं, आणि तिथंच तिचा जोर मोडतो. मुलांना एवढं दाखवलंत तरी सहल सार्थकी लागेल.

प्रश्न : मुंबईतला कुलाबा आणि तुमचा कुलाबा यांचा काही संबंध आहे का? माझे वडील ‘कुलाबा जिल्हा’ म्हणत, मुलगा ‘रायगड’ म्हणतो. (एक वाचक, पुणे)

वडील आणि मुलगा दोघंही बरोबर. इंग्रजांनी १८४० साली आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा केलं. संस्थानाला नाव किल्ल्यावरून मिळालेलं, तेच पुढे १८६९ साली झालेल्या जिल्ह्याला मिळालं. १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. जिल्ह्याचं ठाणं मात्र अलिबागच राहिलं. किल्ला रायगड महाड तालुक्यात आणि जिल्ह्याची कचेरी समुद्रकाठी, त्यामुळे बाहेरची माणसं गोंधळतात.

मुंबईचा कुलाबा वेगळा. पण दोन कुलाब्यांचा एक संबंध मात्र खरा आहे, आणि तो मला फार आवडतो. मुंबईच्या कुलाब्याला वेधशाळा होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथं १८४० च्या दशकापासून घेतल्या जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवरच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह धावला की सुई थरथरणार, नोंदी बिघडणार. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी नवी जागा शोधली, समुद्रापलीकडे तीसेक किलोमीटरवर अलिबागला. १९०४ साली इथं काम सुरू झालं. आधी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता येईल, आणि मगच मुंबईतलं काम थांबवलं. इमारत पोरबंदरच्या दगडाची, लोखंड टाळून बांधलेली. ती आजही चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. दीडशेहून जास्त वर्षांची सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. समुद्रात जायच्या घाईत लोक तिच्या फाटकावरून पुढे निघून जातात.

प्रश्न : अलिबागची वाळू काळपट का? ही घाण आहे का? गोव्याची वाळू किती सोनेरी असते! (एक वाचक, सोलापूर)

घाण नाही, हा आमच्या डोंगरांचा रंग आहे. सह्याद्रीचा इकडचा भाग काळ्या बेसाल्टचा, थिजलेल्या लाव्हाचा. नद्या आणि लाटा तोच दळून किनाऱ्यावर आणून टाकतात. गोव्याकडे खडक वेगळा, जास्त जुना, त्यात गारगोटीचे कण पुष्कळ, म्हणून तिथली वाळू फिकी.

घरातला एखादा साधा चुंबक कागदात गुंडाळा आणि कोरड्या वाळूतून फिरवा. कागदाला काळ्या कणांची दाढी येते. ते मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज. एक मुलगा मला म्हणाला होता, ‘बाई, वाळूतच चुंबक आहे तर वेधशाळा इथं कशी चालते?’ इतका चांगला प्रश्न मला वर्गात पुन्हा कुणी विचारला नाही. वाळू जागच्या जागी असते, तिचा परिणाम कायम सारखाच राहतो, तो हिशेबात धरता येतो. ट्राम धावते, थांबते, पुन्हा धावते. त्रास होतो तो बदलणाऱ्याचा.

प्रश्न : अलिबाग हे नाव कोणा अलीवरून पडलं? (एक वाचक, संभाजीनगर)

या अलीची बाग होती आणि त्यानं इथं विहिरी खणल्या, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. तो कोण, यावर दोन परंपरा आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटिअरात तो श्रीमंत मुसलमान असल्याचं नोंदलेलं आहे. इथले बेने इस्रायली मात्र तो आमच्यातला एली होता असं सांगत आले. दोन्ही मी इथं ठेवते.

बेने इस्रायलींबद्दल आणखी तिघांनी विचारलं आहे, म्हणून थोडं सांगते. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागच्या उत्तरेला नवगावपाशी त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. तिथं त्यांचं जुनं दफनस्थान आहे आणि स्मारकही. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मायबोली मराठी, वेश इथलाच, आणि आडनावं तर आमच्या तालुक्याचा आणि शेजाराचा नकाशाच : नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. मी मुलांना या आडनावांवरून गावं शोधायला लावत असे. अलिबागात इस्रायल आळी आहे, आणि तिथलं मागेन अबोथ हे सिनेगॉग १८४८ साली उभं राहिलं. इस्रायल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. कधी कधी एखादी म्हातारी बाई नातवंडांना घेऊन येते आणि अस्सल आगरी वळणाच्या मराठीत आळीतलं घर दाखवते. असं घर दाखवताना मी एकदा तिच्या शेजारी उभी होते. तिनं भिंतीला हात लावला आणि ‘इथं आमचा घाणा’ एवढंच म्हणाली.

प्रश्न : अलिबाग शिवकाळाच्या आधी होतं का? आम्हांला तिथं किल्ल्याखेरीज जुनं काही दिसलं नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

शहर म्हणून अलिबाग तरुण आहे. ते वाढलं आंग्र्यांमुळे. कान्होजी आंग्र्यांचं आरमार कुलाब्याच्या आसऱ्याला असे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन चालून आले, तरी त्यांना हा किल्ला घेता आला नाही. आरमाराला सुतार लागतात, लोहार लागतात, दोर वळणारे, कापड विणणारे आणि धान्याचे व्यापारी लागतात. ती वस्ती किनाऱ्यावर झाली. किल्ल्यासमोर कान्होजींनी हिराकोट बांधला, तो पुढे तुरुंग झाला. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांची समाधी शहराच्या मध्यावर आहे. एवढ्या मोठ्या माणसाची समाधी, पण आत गेलं की शांत असतं, चिमण्यांचा आवाज येतो. परत याल तेव्हा अर्धा तास तिथं द्या.

पण तालुका जुना आहे, फार जुना. दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर आक्षी आहे. लोक ते बीचसाठी ओळखतात. त्या आक्षीत एक उभी शिळा आहे. वर चंद्र-सूर्य, मधे अक्षरं, खाली गाढवाची आकृती, म्हणजे गद्धेगाळ : दान मोडणाऱ्याला शाप. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी तिच्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला. आमच्या लहानपणी पाठ केलेलं उत्तर होतं, पहिला मराठी शिलालेख श्रवणबेळगोळचा, ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. तुळपुळ्यांचं वाचन मानलं तर मराठीतली सर्वांत जुनी सनवार कोरलेली ओळ आमच्या आक्षीची ठरते. सुरुवात आहे ‘गीं सुष संतु’, जगात सुख असो. पुढे शिलाहार राजा केशिदेवराय येतो, आणि त्याचं बिरुद आहे ‘पश्चिमसमुद्राधिपती’. त्याच्या महाप्रधानानं महालक्ष्मीच्या बोडणासाठी दिलेल्या धान्याची ती नोंद. बोडण हा देवीचा कुळाचार, आजही कोकणातल्या कित्येक घरांत भरतं. हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर तोच शब्द वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि मी मराठीची शिक्षिका नव्हते.

ही शिळा कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर होती. माझ्या डोळ्यांदेखत कुणी तिच्यावर कपडे वाळत घातलेले आहेत. मी त्या घरच्या मुलीला, माझ्याच विद्यार्थिनीला, बाजूला घेऊन ‘गीं सुष संतु’ वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून कपडे नव्हते. माणसं बेपर्वा नसतात, त्यांना कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

आणखी दक्षिणेला चौल-रेवदंडा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत ‘चेमुल’ येतं, ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात ‘सेमुल्ला’, अरबांच्या लिखाणात ‘सैमूर’. ही सगळी नावं चौलची. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन घोडा घेऊन इथंच उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. मग पोर्तुगीज आले, १५०८ साली चौलसमोर मोठी आरमारी लढाई झाली, पुढे त्यांनी रेवदंड्याला कोट बांधला, आणि १७४० साली तो मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, पण समोरच्या कोर्लईत पोर्तुगीज मिसळलेली एक बोली अजून घराघरांत बोलली जाते.

चौललाच बंदर का? कुंडलिका नदीची खाडी तिथं समुद्राला मिळते आणि कोर्लईचा डोंगर तोंडाशी आडवा उभा आहे. आत गलबताला निवारा, वर घाटातून येणारा माल. पण गलबतं मोठी झाली, खाडी गाळानं उथळ झाली आणि व्यापार मुंबईकडे गेला. आज चौलच्या वाड्यांत फिरताना पायाखाली जुन्या विटांचे तुकडे लागतात. एके काळचं जगप्रसिद्ध बंदर नारळी-पोफळीखाली निजलेलं आहे. मला विचाराल तर अलिबागला येणाऱ्यानं एक अख्खा दिवस चौलला ठेवावा.

प्रश्न : किहीमजवळ छोटी जागा घेऊन घर बांधलं. विहिरीचं पाणी पहिली चार वर्षं गोड होतं, दोन उन्हाळ्यांपासून मचूळ लागतं. समुद्राचं पाणी झिरपतंय का? बोअर खोल मारून उपयोग होईल का? (एक वाचक, ठाणे)

कृपा करून बोअर खोल मारू नका. हे उत्तर आधी देते, कारण तुम्ही ठेकेदाराला बोलावलं असेल.

आता कारण. आमच्या या पट्टीला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. आठ आगरं कोणती हे विचाराल तर दोन गावांची यादी जुळायची नाही, पण थळ, किहीम, आवास, आक्षी, नागाव, चौल अशी ती गावं एका ओळीत समुद्राला चिकटून आहेत. पश्चिमेला समुद्र, पाठीशी कनकेश्वर-सागरगडाचे डोंगर, डोंगरामागे खारेपाटाची बांध घालून राखलेली भातजमीन आणि तिच्याही पलीकडे धरमतरची खाडी. उत्तरेला रेवसकडे पुन्हा पाणीच. तीन बाजूंनी खारं पाणी असलेल्या या जमिनीत सुपारी कशी पिकली? सुपारीला तर उन्हाळाभर गोडं पाणी लागतं.

उत्तर वाळूत आहे. वाड्या ज्या उंचवट्यावर आहेत तो जुन्या काळी समुद्रानं टाकलेला वाळूचा बांध. इथं पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि वाळू तो सगळा पिऊन घेते. गोडं पाणी खाऱ्याहून हलकं, म्हणून ते खाली मुरून खाऱ्यावर तरंगत राहतं, भिंगासारखं, मधे जाड आणि कडेला पातळ. हिशेब असा : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट उंच असेल, तर त्याच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. आमच्या पूर्वजांना चाळीसचा आकडा ठाऊक नव्हता, पण उथळ विहीर गोड आणि खोल विहीर खारट हे त्यांना पक्कं माहीत होतं. अलीनं विहिरी खणल्या त्याही याच वाळूत.

आता हाच हिशेब उलटा करा. वरची पातळी एक फूट खाली गेली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर येतं. तुमच्या विहिरीचं तेच झालं असणार. कदाचित तुमच्यामुळे नाही, शेजारच्या बंगल्यांची लॉन आणि पोहण्याचे तलाव भरण्यामुळेही. जमिनीखालचं पाणी कुंपण मानत नाही. खोल बोअर मारलीत तर तुम्ही थेट खाऱ्यात नळी घालाल आणि ते वर ओढाल. मग विहीरही जाईल आणि शेजारच्या वाडीतल्या पोफळीही.

आमच्या आजोळी नागावला रहाट होता. पहाटे बैल जुंपत. लाकडी चाक कुरकुरत फिरे, माळेतले मातीचे लोटे एकेक करून भरून वर येत आणि पन्हळीत रिकामे होत. तिथून पाटानं पाणी पोफळीच्या आळ्यांत जाई. याला आम्ही शिपणं म्हणू. मी पाटाच्या तोंडाशी मातीचं ढेकूळ घेऊन बसे : एक आळं भरलं की त्याचं तोंड बंद, पुढचं उघड. ऊन तापलं की बैल सोडत, आणि विहीर संध्याकाळपर्यंत पुन्हा भरून येई. रहाट पाणी हळू काढायचा, म्हणून भिंग टिकायचं. पंप तेवढंच पाणी अर्ध्या तासात खेचतो. खारं पाणी वर चढतं ते याच अर्ध्या तासात.

तुम्ही करू शकाल ते असं. कमी ताकदीचा पंप लावा, रोज थोडं थोडं, मधे विश्रांती देऊन पाणी काढा. पंपाची नळी विहिरीच्या तळाला टेकवू नका, पाण्याच्या वरच्या थरात ठेवा. लॉन काढून टाका. इथं नारळ, कोकम, उंडी लावा, त्यांना हे हवामान मानवतं. आणि छपराचं पाणी गटारात सोडू नका, गाळून विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात मुरवा. शंभर चौरस मीटर छपरावर आमच्याकडच्या पावसात दोन लाख लिटर पाणी पडतं. ते एकट्या तुमच्या घराचं. आळीतल्या दहा घरांनी केलं तर दोन-तीन पावसाळ्यांत चव बदलण्याची पुष्कळ आशा आहे.

पाणी तपासून घ्या, एकदा ऑक्टोबरात आणि एकदा मे महिन्यात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर १००० पर्यंत. नमुना घेताना पंप चालू करून पहिल्या मिनिटाचं पाणी जाऊ द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, तारीख आणि तिथी दोन्ही लिहा. दोन्ही आकडे मला कळवा. किहीम ते नागाव अशा विहिरींची एक वही मी ठेवते आहे, तुमचीही त्यात लिहीन.